झडपेचा त्रास

ते प्रकरण आजही आठवतं, आणि राग नेमका कुणावर काढावा हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी तेव्हा नगरकडच्या कर्जत भागात एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना निनावी फोन आला. कुणीतरी म्हणालं, आमच्या गावात पोटुशी सून मारलीय, सरण रचून तयार आहे, लवकर या. असले फोन निम्मे भावकीच्या भांडणातून येतात. तरी जावं लागतंच.

पोहोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. अंत्यविधी थांबवून पंचनामा केला. पोरगी जेमतेम विशीतली. पाठीवर फोकाचे वळ. ते बघून माझं टाळकंच फिरलं. नवरा पुण्याला कंपनीत, घरात ती आणि विधवा सासू एवढ्याच. पोरीचा भाऊ सासूच्या अंगावर धावत होता, त्याला शिपायांनी धरून ठेवला. अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

महिला हवालदाराला सोबत घेऊन सासूच्या ओसरीवरच चौकशीला बसलो. बाई रडत नव्हती, आणि न रडणाऱ्या माणसावर पोलिसाचा संशय आधी जातो. मारलं कुणी, तर म्हणाली देवऋषीनं, पण नेली मीच. का नेली, तर तिला झडप हुती. आडवी झाली की पोरीचा दम कोंडायचा, दचकून उठून बसायची, छातीवर कुणीतरी बसलंय म्हणायची. भुतानं धरलं की गावाकडे त्याला झडप म्हणतात. असल्या थापा मी ढिगानं ऐकल्या होत्या. दरडावून पाहिलं, गोडीनं पाहिलं, बाईचं उत्तर काही बदललं नाही.

दुपारी देवऋषीला उचलला. ठाण्याची पायरी चढताच त्याच्या अंगातला देव पळाला. पोरीला मिरच्यांची धुरी दिली, फोकानं झोडपलं, असं सगळं भडाभडा ओकला. त्याच्यावर गुन्हा दाखल केला.

संध्याकाळी डॉक्टरांनी बोलावून घेतलं. पोरीचं हृदय समोर ठेवलेलं होतं. मुठीएवढं. डावीकडचा वरचा कप्पा फुगलेला. डॉक्टर समजावून सांगू लागले. फुप्फुसातून शुद्ध रक्त या वरच्या कप्प्यात येतं, मधल्या दोन पाकळ्यांच्या दारातून खालच्या कप्प्यात उतरतं आणि तिथून अंगभर जातं. लहानपणी घसा धरून, सांधे सुजून ताप येतो, त्यात हे दार खराब होतं. हिच्या पाकळ्या चिकटून शर्टाच्या काजाएवढी फट उरली होती. रक्त मागे फुप्फुसात तुंबायचं, म्हणून आडवं झालं की जीव घाबरायचा. गरोदरपणात रक्त वाढतं, मग त्रासही वाढतो. त्यात मार आणि धुरी. हृदयानं हात टेकले.

"या दाराला म्हणतात काय?" मी विचारलं.

"झडप," डॉक्टर म्हणाले.

मी तसाच उठलो आणि हवालदारीणबाईंना घेऊन गावात गेलो. सासूला विचारलं, झडप हा शब्द पहिल्यांदा कुणी काढला?

"नगरच्या डाक्टरनं," ती म्हणाली. "मशीन लावून बघितलं न् म्हनला, हिला झडपेचा तरास हाय, लवकर इलाज करा. येवढा शिकल्याला मानूस झडप म्हनतोय म्हनल्यावर म्या लई भ्याले साहेब. त्याच दिशी देवऋषी गाठला."

मी तिला दार, पाकळ्या, फट, सगळं जमेल तसं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "परत दवाखान्यात नेली असती तर वाचली असती का?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण नळीतून फुगा घालून ही फट मोकळी करता येते, हे डॉक्टर मला सांगून चुकले होते. बहुतेक वाचली असती, असं म्हणालो.

"मंग लिवा," ती म्हणाली, "म्याच मारली. पोटातल्यासकट." आणि तेव्हा कुठे ती रडली. हवालदारीणबाईंनी तिला जवळ घेतलं. पोलिसापुढच्या असल्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, पण ते तिला सांगून काय उपयोग होता?

पुढच्या नोकरीत मी एक पथ्य पाळलं. कुणाला काहीही समजावलं की त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, बाबा, तुला काय कळलं? त्या सासूला एवढं कुणी विचारलं असतं, तर ते लेकरू आज शाळेत जात असतं.