गंधकाच्या डिझेलवर चालणारे सहा टिपर

आमचे हे भिवंडीचं काम सोडून कायमचे घरी आले, तर वर्षभर दर मंगळवारी गावदेवीला अनवाणी जाईन, असा नवस मी एकदा बोलले होते. देवीने ऐकलं. महाडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपला फोरमन हवा होता, आणि आमचे हे पोलादपुरातून रोज डबा घेऊन कामाला जायला लागले. नवस फेडून झाला, टाचांच्या भेगाही भरल्या. तेव्हापासून संध्याकाळी ह्यांच्याबरोबर दोन गोष्टी घरात येतात. शर्टावर ऑइल आणि तोंडात किस्सा. ऑइल साबणाने निघतं. किस्से साचत जातात!

तर वर्कशॉपमध्ये काम असं: ट्रकचे चेसिस येतात, त्यांवर टिपरची, म्हणजे मागून खडी ओतणाऱ्या डंपरची बॉडी चढवायची, सगळं तपासायचं आणि बोटीने आफ्रिकेतल्या एका देशात पाठवायचं. पहिली ऑर्डर सहा गाड्यांची. शेठनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "हा लॉट पास झाला तर पुढचं काम आपलं. परत आला तर शटर खाली."

शटर खाली म्हणजे ह्यांची पुन्हा भिवंडी. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण एवढं बरोबर कळलं.

*

एके दिवशी मी ह्यांना विचारलं, "अहो, आपल्याकडे आता नव्या इंजिनाच्या गाड्या आहेत ना? मग त्या बिचाऱ्यांना जुन्या पद्धतीचं इंजिन का देताय? उद्या गाड्या परत पाठवतील!"

हे म्हणाले, "अगो, फसवत नाय त्यांना. त्यांनीच तसं मागितलंय. तिकडच्या डिझेलात गंधक फार. आपल्या नव्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये धूर गाळायला जाळी असते, ती त्या डिझेलने लगेच खराब होईल. म्हणून साधं इंजिन."

"गंधक? खरजेच्या मलमात असतो तोच?"

"तोच."

मला जरा हायसं वाटलं. म्हटलं, "मग बरंय. निदान त्या गाड्यांना खरूज तरी व्हायची नाही!"

पुढचे दोन दिवस हे वर्कशॉपमध्ये माझं वाक्य सगळ्यांना सांगत होते.

*

ह्यांच्या हाताखाली शंकर म्हणून एक मेकॅनिक आहे. डोंगरातल्या वाडीवरचा, कामाला वाघ. पण त्याचा हात आपल्या नव्या गाड्यांवर बसलेला. त्या गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी टाकी असते, तिच्यात धूर साफ करायला युरियाचं पाणी घालावं लागतं. एक्सपोर्टच्या गाडीला ती टाकीच नसते.

शंकर हातात त्या पाण्याचा कॅन घेऊन गाडीभोवती फिरला. खाली वाकून बघितलं, वर चढून बघितलं. निळं झाकण काही सापडेना. शेवटी त्याने सगळं पाणी डिझेलच्या टाकीत ओतलं!

नशीब, हे तेवढ्यात आले आणि म्हणाले, "चावी लावू नको!" इंजिन चालू केलं असतं तर आतले महागडे भाग गेले असते, आणि लॉटमधली एक गाडी तिथंच संपली असती. टाकी उतरवून, धुवून, सुकवून बसवेपर्यंत दिवस गेला.

"अरे, ओतताना विचारायचं तरी!" हे ओरडले.

शंकर म्हणाला, "दादा, मला वाटलं तोंड एकच दिलंय, तर पोटात जाऊन आपापलं वेगळं होत आसंल!"

*

त्या देशात वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून ह्या गाड्यांचं स्टेअरिंग डावीकडे. बोगदा झाल्यापासून कशेडीचा जुना घाट जरा मोकळा असतो, तिथं खडी भरून ट्रायल घ्यायची ठरली. त्या दिवशी सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. देवापुढचा दिवा मी विझू दिला नाही.

हे डावीकडे चालवायला, आणि शंकर उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो त्या जागी. उतार लागला तशी शंकरची घाबरगुंडी उडाली. त्याने डोळे गच्च मिटले, हात जोडले आणि देवीचा धावा सुरू केला.

समोरून एसटी येत होती. तिच्या ड्रायव्हरला काय दिसलं? खडीने भरलेला टिपर उतारावरून येतोय, आणि चालवणारा डोळे मिटून हात जोडून बसलाय! त्याने एसटी डोंगराला चिकटवून उभी केली आणि फोन लावला.

खाली पोलीस वाट बघतच होते.

"गाडी तू चालवत होतास?"

"नाय साहेब, मला येत नाय चालवाय!"

हे डावीकडून उतरले, कागद दाखवले. स्टेअरिंग डावीकडे आहे अशी पाटीही लावली आहे, म्हणाले. पाटी होती, पण शंकरने ती लावली होती गाडीच्या मागे!

पोलीस म्हणाले, "मागच्याला पाटी वाचायला देता, आणि पुढच्याला हे हात जोडलेले दाखवता होय?"

*

खरेदीदारांकडून एक साहेब आले होते तपासणीला. उंच, शांत, हातात सतत एक वही. तरुणपणी चार वर्षं पुण्यात शिकलेले, पण बोलायचे इंग्रजीतच, तेही मोजकं. त्यांच्या त्या वहीत काय लिहिलं जातंय, ह्या काळजीने ह्यांचं जेवण तुटलं.

साहेबांनी विचारलं, इंजिन ऑइल किती चालल्यावर बदलायचं? हे म्हणाले, तुमच्या डिझेलातल्या गंधकाने ऑइलमध्ये ॲसिड होतं, म्हणून आमच्याकडे बदलतो त्याच्या निम्म्या अंतरावर. साहेबांनी लिहून घेतलं.

घरी येऊन हे सांगतायत आणि छातीवर हात चोळतायत. जळजळ! दिवसभरात नुसता चहा.

मी म्हटलं, "गाडीच्या पोटातल्या ॲसिडची केवढी काळजी! तुमच्या पोटातल्या ॲसिडचं काय?"

म्हणाले, "गाडीला वॉरंटी आहे गो. मला कोण देतंय?"

हसत म्हणाले, पण मी आत जाऊन डोळे पुसले.

*

आता शेवटचं. हे माझ्याच हातून झालं.

गाड्या बंदराकडे निघायच्या दिवशी मी पूजा केली. आणि कोणाला न सांगता, पहिल्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात हळदीत घोळलेले एकशे आठ तांदूळ ठेवले. एकेक दाणा, एकेक नाम. त्यानंतर साहेब एकेक कप्पा उघडून शेवटची तपासणी करून गेले, गाड्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी ह्यांना बंदरावरून फोन आला. बोटीवर चढणाऱ्या गाडीत धान्य, बी, माती काही चालत नाही. हादऱ्यांनी कप्पा उघडून तांदूळ केबिनभर झाले होते. मशीनने ओढून काढले, तरी फटींत दाणे होतेच. सगळे निघाले याची खात्री होत नाही तोवर पूर्ण लॉट अडवलेला, आणि बोट उद्या संध्याकाळची!

हे भिंतीला टेकून बसले. मी पदर तोंडाला लावून म्हटलं, "अहो, तांदूळ मी ठेवले."

रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. मग मी म्हटलं, "खात्री मी देते. मला तिथं न्या. मी मोजून ठेवलेत."

बोटीच्या दिवशी पहाटे निघालो. हे, शंकर आणि मी. बंदराबाहेरच्या यार्डात शेठ, साहेब आणि लॉट अडवणारा बंदराचा तपासणीवाला उभे होते. मशीनच्या पिशवीतले दाणे एका कागदावर ओतले. मग मी केबिनमध्ये शिरले आणि केसांतली पिन काढून फटीफटीतून दाणे टोकरायला लागले. आयुष्यभर तांदूळ निवडलेत, नजर बसलेली. दुपार उलटली.

मोजले. एकशे सात.

परत मोजले. एकशे सात!

शंकर कानाशी आला, "वैनी, म्हना की एकशे आठ. कोन बघतंय?"

"देवीचं नाव घेऊन ठेवलेत रे. आता खोटं कसं मोजू?"

तपासणीवाल्याने विचारलं, "झाले पूर्ण?"

"नाही दादा. एक कमी आहे."

शेठनी घड्याळ बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला समोर भिवंडीची एसटी दिसायला लागली.

तेव्हा साहेब पुढे आले. वही उघडली. दोन पानांच्या मध्ये एक पिवळा दाणा होता. तो चिमटीत धरून त्यांनी तपासणीवाल्याला दाखवला, मग मला दाखवला, आणि तोंडात टाकला!

"एकशे आठ," म्हणाले. चक्क मराठीत.

संध्याकाळी सहाही गाड्या बोटीवर चढल्या.

तुमच्याकडे नवी गाडी येईल, तुम्ही पूजा कराल, आत अक्षता टाकाल. टाका, जरूर टाका. पण माझं एवढं ऐका, मोजून टाका.