मोताळ्याच्या गाडीचा न केलेला रिमॅप

"फाईल आणली हाय. भाच्यानं पुण्यावरून पाठवली. टाकून द्या फक्त," असं म्हणून भास्कररावांनी पेन ड्राइव्ह माझ्या बुलढाण्याच्या गॅरेजातल्या टेबलावर ठेवला.

भास्करराव मोताळ्याचे शेतकरी. गाडी सात वर्षांची, टर्बो डिझेल. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बुलढाण्याला आणावं लागतं. आदल्या शुक्रवारी राजूर घाटात गाडीने दम टाकला. ती पहिल्या गिअरमध्ये रांगत वर आली. आईची वेळ दुसऱ्या पेशंटला गेली आणि सत्तरीची ती बाई दुपारपर्यंत धापा टाकत बाकावर बसून राहिली. भाच्याचं म्हणणं, गाडीला रिमॅप करा.

इंजिनात किती डिझेल सोडायचं आणि टर्बोने किती हवा दाबायची, हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. त्याचे आकडे बदलणं म्हणजे रिमॅप. ताकद वाढते, पण टर्बोवर ताण आणि इंजिनात उष्णताही वाढते. म्हणून आधी गाडी निरोगी आहे का ते बघावं लागतं. आजारी गाडीला रिमॅप केला तर पिस्टन वितळू शकतो. भाच्याने पाठवलेली आकड्यांची फाईल तर दुसऱ्याच मॉडेलची निघाली.

"दोन दिवस तपासणी करावी लागेल," मी सांगितलं.

"काऊन? ताकदच तं वाढवाची हाय."

बॉनेट उघडलं. टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी होज फाटलेला होता. त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून तारेने आवळली होती. दाबलेली हवा तिथूनच निसटत होती. मग एअर फिल्टरचा डबा उघडला. आतला कागदी फिल्टर ऑईलने चिंब होता.

"यात ऑईल कोणी टाकलं?"

"मीच. ट्रॅक्टरले टाकतो तसं. नाई तं धूळ कशी अडन?"

त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरच्या फिल्टरमध्ये ऑईल भरावंच लागतं. धूळ त्यात चिकटते. तिथे ते बरोबर होतं. गाडीचा फिल्टर मात्र कोरडा कागदच असतो. ऑईलने त्याचा श्वास कोंडतो. शिवाय पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या तारेवर ऑईलचा थर बसला होता. आत येणारी हवा त्याला कमी दिसायची, म्हणून कॉम्प्युटर डिझेलही कमी सोडायचा.

होज बदलला. सेन्सर धुतला. नवा फिल्टर बसवला. टर्बोचा शाफ्ट, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, क्लच तपासले; सगळं ठीक होतं. मंगळवारी आईला आणायचं म्हणून गाडी परत दिली आणि चालवून झाल्यावर रिमॅपआधीची शेवटची नोंद घेऊ, असं ठरवलं.

मंगळवारी लॅपटॉप जोडला. हवेचा आकडा पुन्हा कमी. फिल्टरचा डबा उघडला. नवा फिल्टर ऑईलने चमकत होता.

"भास्करराव."

"कोरडा ठनठनीत दिसून राह्यला होता, मिस्तरी. मले वाटलं तुमी इसरले. म्हून थोडंसं मारलं."

मी बाहेर जाऊन पाणी प्यालो. परत येऊन दुसरा फिल्टर बसवला, सेन्सर पुन्हा धुतला आणि डब्याला सील लावलं.

"हे काय?"

"तुमच्यासाठी आहे."

शुक्रवारी मी मोताळ्याहूनच गाडीत बसलो. मांडीवर लॅपटॉप, मागे आई. घाट लागला. गाडी तिसऱ्या गिअरवर सरळ चढत गेली. टर्बोचा दाब, हवा, तापमान, सगळे आकडे जागेवर होते. वर आल्यावर भास्कररावांनी गाडी बाजूला घेतली.

"पाह्यलं का, माय? याले म्हनते रिमॅप."

"रिमॅप अजून केलेला नाही," मी सांगितलं. "ही गाडीची मूळचीच ताकद आहे."

"मंग आठ दिवस केलं काय तुमी?"

"तुम्ही केलेलं काढलं."

"तरी पन करून टाका. भाच्याची गाडी लय पळते."

मागून आई म्हणाली, "हे गाडी माह्यासाठी हाय का भाच्यासाठी? चाल, माहा नंबर जाईन."

त्या दिवशी ती वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचली. संध्याकाळी जॉब कार्डवर मी लिहिलं: रिमॅप केला नाही. भास्करराव म्हणाले, "'केला' लिहा नं. गावात सांगून बसलो." मी लिहिलं नाही.

गाडीत होती तेवढी ताकद आधी शोधावी, वाढवायचं नंतर बघावं. हे ग्राहकाला सांगून पटत नाही, हा माझा आजवरचा अनुभव.

पुढच्या आठवड्यात मोताळ्याहून दोन गाड्या आल्या. दोन्ही मालकांना भास्कररावांच्या गाडीला केला तसाच रिमॅप हवा होता. तसाच करून देतो, असं सांगून मी बॉनेट उघडलं.