दोन डॉलरांमधली ओळ

माझ्या साडभाऊंइतका स्वतःविरुद्ध पुरावा साठवत जगलेला माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बुलढाण्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत आमचं दोघांचं मिळून एक ऑफिस होतं. दवाखाने, पतसंस्था, दुकानं यांना लागणारे प्रोग्राम ते लिहायचे आणि मी विकायचो, म्हणजे गोड बोलायचो. गोड बोलणं त्यांना बापजन्मात जमलं नसतं, म्हणून तर मला भागीदार केलं होतं.

प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर ते एक ओळ घालत. सुरुवातीला डॉलरची खूण, शेवटी डॉलरची खूण, आणि मधे फाईलचं नाव, कितवं व्हर्जन, तारीख, वेळ आणि लिहिणाऱ्याचं नाव. प्रोग्राममध्ये बदल करून तो जमा केला की व्हर्जनचा आकडा आपोआप पुढं सरकायचा. आता माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशीनसाठी बदलून घेतला, की त्याची जी फाईल होते ती उघडून पाहिली तर नुसता चिवडा दिसतो. पण ही ओळ त्या चिवड्यात शेंगदाण्यासारखी अख्खी राहते. साडभाऊंकडे एक कमांड होती. ती कुठल्याही फाईलवर सोडली की डॉलरच्या खुणा हुडकून त्यांच्यामधलं सगळं पडद्यावर आणायची. ती ओळ आली की त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं, की तसं ते मुलगी दहावी पास झाली तेव्हाही मी पाहिलं नव्हतं.

हे वेड ऑफिसपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण घरात लोणच्याच्या बरणीवरही चिठ्ठी असायची: ‘लोणचं, ३.२, मीठ कमी केलं’, खाली तारीख, खाली ताईंचं नाव. ताई म्हणायच्या, “एक दिवस माह्या कपाळावर बी चिकटवतीन हे.” मुलीच्या लग्नाची पत्रिका छापली तेव्हा खालच्या कोपऱ्यात ‘मसुदा ९’ असं तसंच राहिलं आणि सगळ्या पाहुण्यांकडं गेलं. दहाव्या मसुद्यात नवरदेव बदलते काय, असं अर्धं बुलढाणं मला विचारत होतं. साडभाऊंना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मसुदा खरोखरच नववा होता.

दुसऱ्यांच्या फायली हुंगण्याची खोड तर फारच वाईट. एका पतसंस्थेनं एका गृहस्थाचा सत्कार ठेवला होता, कारण संस्थेचा प्रोग्राम म्हणे त्यानं रक्ताचं पाणी करून लिहिला. शाल झाली, नारळ झाला, आणि मागच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरशी खुडबुड करत बसलेले आमचे साडभाऊ मोठ्यानं म्हणाले, “ह्याच्यात तर दुसऱ्याच मानसाचं नाव हाये.” ते गिऱ्हाईक आमच्या हातचं गेलं. परतताना मी त्यांना झाडझाड झाडलं, “काऊन बोलले तुम्ही? कोनं विचारलं होतं?” ते शांतपणे म्हणाले, “लिवलं होतं, मंग वाचलं.” अशा माणसाशी भांडणार तरी काय, कपाळ.

मेहकरच्या एका रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये आमचा प्रोग्राम होता. त्यात एक चूक साडभाऊंना स्वतःलाच सापडली: एकाच दिवशी अगदी एकाच नावाचे दोन पेशंट आले, तर दुसऱ्याच्या रिपोर्टवर पहिल्याचे आकडे छापले जायचे. त्यांनी दुपारीच ती दुरुस्त केली, एक पॉइंट सहाचं एक पॉइंट सात झालं, आणि पेनड्राइव्ह खिशात घालून ते मेहकरच्या बसमध्ये बसले. तिथं दोन कॉम्प्युटर होते. नेमकी लाईन गेली. बाहेरचा इन्व्हर्टरवर होता, त्यात नवी फाईल टाकली. आतला बंद होता. “सोमवारी येतो,” असं सांगून ते परतले. सोमवारी मी त्यांना चिखलीला एका नव्या गिऱ्हाइकाकडं पाठवलं. मी. ते म्हणालेही होते की मेहकरचं एक काम राह्यलं, आणि मी म्हणालो, मेहकर काय पळून जाऊन राह्यलं काय. पुढं ते राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर त्या लॅबमध्ये तापानं फणफणलेली एक बाई आली. त्याच सकाळी तिच्याच नावाची दुसरी एक बाई येऊन गेली होती, ठणठणीत. रिपोर्टवर प्लेटलेट व्यवस्थित आल्या, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या देऊन घरी पाठवलं. चौथ्या दिवशी ती बाई गेली.

रक्त घेतलं होतं अमडापूरच्या एका मुलीनं. लॅबचा कोर्स केलेली तिच्या घरातली पहिलीच. तिनं नळ्यांची अदलाबदल केली, असं ठरलं. ठरायला वेळ लागला नाही. तिच्या बाजूनं बोलणारं वजनदार माणूस कोणी नव्हतं. लॅबवाल्यांनी आम्हालाही विचारलं. मी ऑफिसमधला प्रोग्राम उघडून दाखवला: एक पॉइंट सात, चूक दुरुस्त, तारीख त्या बाईच्या तपासणीच्या किती आधीची. तसं पत्र मी सही करून दिलं. साडभाऊही निश्चिंत होते, आकडा डोळ्यांसमोर होता, आतल्या कॉम्प्युटरचं त्यांच्या ध्यानातून गेलं होतं. मुलीला काढून टाकलं, तिच्यावर केस झाली.

तीन महिन्यांनी प्रिंटरच्या कामासाठी आम्ही दोघं मेहकरला गेलो. आतल्या कॉम्प्युटरसमोर बसल्यावर साडभाऊंनी सवयीनं आपली कमांड सोडली. ओळ आली. एक पॉइंट सहा, आणि पुढं त्यांचं नाव. त्या बाईचा रिपोर्ट याच कॉम्प्युटरवरून छापला होता. त्यांनी पुन्हा सोडली. पुन्हा तेच आलं. मग त्यांनी तो कॉम्प्युटर बंद केला, लॅबवाल्यांना म्हणाले याला कोणी हात लावू नका, आणि माझ्या पुढं चालत स्टँडवर आले.

मी काय बोललो ते मला लपवायचं नाही. मी म्हणालो, “साडभाऊ, हे तुमच्याशिवाय कोनाले वाचता येत नाही. परत जा, नवी फाईल टाका, अन् चला घरी.”

“अन् ते पोरगी?”

“तिले लागंल दुसरी नोकरी.”

“रक्त तपासाची कोन देईन तिले?” ते म्हणाले. बुलढाण्याची बस लागली होती. ते चढले नाहीत. मी चढलो.

त्यांनी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. पडद्यावर कमांड कशी सोडायची ते साहेबांना दोनदा दाखवलं, लॅबच्या फाईलमधला आकडा आणि आमच्या ऑफिसमधला आकडा शेजारीशेजारी मांडले, फाईल बदलायला परत गेलो नाही ही चूक माझी, असं लिहून दिलं. जबाब मी नंतर वाचला. त्यात चिखली नव्हती, सोमवार नव्हता, माझं ते पत्रसुद्धा ‘आमच्या ऑफिसनं दिलेलं’ एवढंच होतं. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली, पण आधी हायसंच वाटलं.

मुलगी सुटली. साडभाऊंवर केस उभी राहिली. गिऱ्हाइकं महिन्याभरात फिरली, ऑफिसला कुलूप लागलं. मी आता एका मोबाईलच्या दुकानात बसतो. ते कोर्टाच्या तारखेला मेहकरला जातात. गेलेल्या बाईचा नवराही तिथं येतो. दोघं एकाच बाकावर बसतात, असं ताई सांगतात. एकदा त्या माणसानं त्यांना पाणी दिलं, ते घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात ती मुलगी वडिलांना घेऊन त्यांच्या घरी आली. मी तिथं होतो. “जय भीम, सर,” म्हणून ती खुर्चीच्या कडेवर बसली. वडील काही आभाराचं बोलू लागले, तर तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हणाली, “सर, तीन महिने मले वाटे का मीच मारलं त्या बाईले. नळी कोणत्या हातात धरली होती, तेच आठवत राहो मी. मग तर तसं आठवाले बी लागलं होतं.”

साडभाऊ जमिनीकडं पाहतच म्हणाले, “आता ते माह्याकडं राहू दे, माय. तू कामाले लाग.”

चिखलीचं मी त्या खोलीत बोलायला हवं होतं. अर्धं माझ्याकडं राहू द्या, एवढंच म्हणायचं होतं. साडभाऊंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत असतो. मी पाण्याचे रिकामे ग्लास गोळा केले आणि आत ठेवायला गेलो.