फुकटचे पाच-नऊ-नऊ

आमच्या यांना हॅम रेडिओचा, म्हणजे घरबसल्या बिनतारी संदेश पाठवण्याचा नाद. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या दोन खोल्यांत एक कोपरा सेटचा, आणि गच्चीवर अँटेना, तिच्यावरून सोसायटीत कटकट ती वेगळीच. यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून कोणाशी कधी संपर्क झाला ती वही फेअर करायचं काम माझ्या गळ्यात. लिहिता लिहिता त्या वहीतली भाषा मला येऊ लागली. मोर्सच्या टकटकीत समोरच्याचा संदेश कसा पोचला, त्याच्या रिपोर्टला तीन आकडे. टकटक किती समजली, ते पाचपैकी. किती जोरात आली, ते नऊपैकी. आणि सूर किती स्वच्छ, तेही नऊपैकी.

बहुतेक हॅम समोरच्याला डोळे झाकून ५९९ देऊन टाकतात. लग्नातलं जेवण कसंही असो, निघताना आपण छान होतं म्हणतो ना, तसं. आमचे हे मात्र महाचिक्कू. ४४९ म्हणजे ४४९. एकाने यावरून बोलणं सोडलं, तरी यांचं आपलं तेच.

नव्वदच्या दशकात एकदा लांबच्या किनाऱ्यावर वादळ झालं, तिकडचे फोन बंद पडले. हे दोन मित्रांबरोबर सेट घेऊन मदतीला गेले. रोज दुपारी डोंगरीच्या एका जुन्या हॅमशी मोर्सवर बोलायचं आणि त्या भाऊंनी संध्याकाळी बसने येऊन मला खुशाली सांगायची, असं ठरलं होतं. भाऊ येताना स्वतःची वहीच आणायचे. यांनी दिलेले रिपोर्ट तीन दिवस ४४९, ४३९, ३३९. ते आकडे बघितले की मला बरं वाटायचं.

चौथ्या दिवशी भाऊ म्हणाले, सगळं झकास. मी वही उघडली तर ५९९.

हे यांनी दिलेलं शक्यच नव्हतं. टकटक करणारा हात दुसऱ्याच कोणाचा होता. मग हे कुठे होते? नाही नाही ते मनात आलं. भाऊ चहा बशीत ओतायला लागले, तशी मी उखडलेच. म्हटलं, खरं सांगितल्याशिवाय उठायचं नाही.

"वैनी, हातावर पत्रा पडला. उजवी दोन बोटं मोडलीत. बाकी कायबी न्हाय. तुम्हाला सांगू नको बोलला तो."

"फक्त बोटंच ना?"

"आईशपथ."

मी तिथेच फरशीवर बसले आणि हसत सुटले. नवऱ्याची बोटं मोडली म्हणून हसणारी बाई भाऊंनी पहिल्यांदाच बघितली असेल. सुटले रे बाबा, असं झालं होतं मला. भाऊंना बळेच जेवायला बसवलं.

आठवड्याने हे आले ते उजवा हात पाठीमागे धरून. म्हणाले, भूक नाही. मी ताट वाढलं, डाळभात कालवला आणि पहिला घास यांच्या तोंडासमोर धरला. मग हळूच पाठीमागचा हात पुढे आला.