पिनेला पिन म्हणा

त्रोयान गावात विजेच्या तारा जोडणारे कनेक्टर बनवायचा कारखाना आहे, तिथं दोब्रिंका व्हलेवा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. तयार कनेक्टरमधून वीज नीट जाते की नाही, हे तपासायचं तिचं काम. नवरा स्पेनमध्ये स्ट्रॉबेऱ्या तोडायला गेला तो तिकडचाच झाला. तिनं एकटीनं मुलगी वाढवली, घराचं छप्पर नवं केलं. तोंडाची फटकळ. तिच्याशी वाद घालायला छाती लागायची.

आमच्या धंद्यात पिना असलेल्या बाजूला नर म्हणतात, भोकं असलेल्या बाजूला मादी. सगळे म्हणतात म्हणून आम्हीही म्हणायचो. पण काम्बुरोव शिफ्टचा प्रमुख झाला आणि या दोन शब्दांचा त्यानं नुसता चिखल केला. "काय बायांनो, आज माद्या सैल का?" असं हॉलभर ओरडायचा. काही जणी हसायच्या. हसायच्या कसल्या, नोकरी त्याच्या हातात होती म्हणून दात दाखवायच्या!

"काम्बुरोव, पिनेला पिन म्हणा, भोकाला भोक म्हणा," दोब्रिंकानं एकदा सगळ्यांसमोर सुनावलं. "कामाचं बोला."

"अगं बाई, तुझा नर पळाला त्यात माझा काय दोष?"

ती ताडकन उठली आणि थेट मॅनेजरकडे गेली. मॅनेजर म्हणाला, "तांत्रिक शब्द आहेत हो. मनाला कशाला लावून घेता?"

त्याच वसंतात तपासणीसाठी नवं टेबल आलं. जोडणी करणाऱ्या वेंकोनं काम्बुरोवला फोन केला, "विजेच्या बाजूला काय बसवू?"

"मादी बसव. मादीच बरी, काय?" काम्बुरोव खिदळला आणि फोन ठेवला.

वीज जिकडून येते तिकडे भोकंच हवीत, म्हणजे जिवंत तारेला बोट लागत नाही. काम्बुरोवला म्हणायचं होतं तेच. पण या मोठ्या कनेक्टरना बाहेरून कवचही असतं, आणि दुसऱ्याला पोटात घेणाऱ्या रुंद कवचालाही काही जण मादीच म्हणतात, मग आत पिना का असेनात. वेंकोनं ते बसवलं, आणि विजेच्या बाजूला जिवंत पिना उघड्या राहिल्या. काम्बुरोव एक वाक्य सरळ बोलला असता तर! पण सरळ बोलण्यात गंमत कुठली?

दोब्रिंका त्या नव्या टेबलात अडकलेला तुकडा काढायला गेली आणि किंचाळून मागे पडली. मी बटण बंद करायला धावले. भाजलेल्या कातडीचा वास हॉलभर पसरला होता. उजव्या हाताची तीन बोटं जळाली. त्यातली दोन आजही वळत नाहीत.

चौकशी कँटीनमध्ये झाली. मॅनेजरनं निकाल आधीच ठरवला होता: दोब्रिंकाचा निष्काळजीपणा. काम्बुरोव तर छाती काढून म्हणाला, "मी मादीच म्हटलं होतं. शब्द बरोबर होता."

बँडेज बांधलेला हात टेबलावर ठेवून दोब्रिंका उभी राहिली. "तुमचा शब्द बरोबर, आणि माझी बोटं चुकीची? फोनवर हसत होतात ना? वेंको, सांग, हसत होते की नाही?"

वेंकोचा चेहरा पडला. "हसत होते," तो म्हणाला. "मलाही परत विचारायची लाज वाटली."

"ऐकलंत? चावटपणाच्या भीतीनं माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही!"

त्या दुपारी आमच्यातल्या एकीनंही टेबलाला हात लावला नाही. पुरुषांनी आधी टिंगल केली, "माद्यांचा संप!" पण वेंको आमच्याकडे येऊन बसला आणि त्याच्या मागून निम्मे आले. दुसऱ्या दिवशी मॅनेजर नरमला. टेबल उघडून जोडणी बदलली, तोंडी हुकमात पिन आणि भोक हेच शब्द वापरायचे असं ठरलं, आणि अपघात कामावरचा म्हणून मान्य झाला.

आणि काम्बुरोव? त्याला खरेदी विभागात पाठवलं, मोठ्या खोलीत! दोब्रिंका डाव्या हातानं काम शिकली. माफी तिच्याकडे कुणीच मागितली नाही. काही वर्षांनी आम्ही दोघी बाजारात असताना काम्बुरोव समोर आला.

"कसा आहे हात?" त्यानं विचारलं.

"इतक्या वर्षांनी आठवण झाली?" ती म्हणाली, आणि त्याला तिथंच उभा ठेवून पुढे गेली. मी मात्र मागे थांबले. जे तोंडात आलं ते सगळं त्याला ऐकवलं, आणि त्याचा मला अजून पश्चात्ताप नाही.