लवंगेची खूण

भूतबित, करणीबिरणी यातलं मी काही मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या माहीमच्या वाडीत – मुंबईचं नव्हे, पालघरचं माहीम – अंधार पडल्यावर एकटी मोटर बंद करायला जाणारी मीच. आणि हे घडलं तेही भर दुपारी, बोईसरच्या एका बेकरीत... त्यामुळे हसू नका.

बारावीनंतर मी एक वर्ष गॅप घेतला होता. मला बेकिंगच्या कॉलेजला जायचं होतं. चौकशीला गेले तेव्हा तिथल्या मॅडमनी विचारलं होतं, भट्टीवर काम केलंय का? घरच्या ओव्हनमधले केक सांगू नकोस. म्हणून जूनपासून मी त्या बेकरीत लागले. लाकडाची जुनी भट्टी, मालक सत्तरीचे चाचा. तीन महिने ट्रे घासले, पाव मोजले, पण चाचांनी भट्टीच्या तोंडाशी काही उभं केलं नाही.

मग घिवली गावची सायली आली. माझ्याच वयाची. आई मासळी विकते, कॉलेजबिलेजचं हिच्या डोक्यातही नाही. आणि पंधरा दिवसांत चाचा मला म्हणायला लागले, सायलीचा हात बघ, सायलीसारखं मळ. नुसता जळफळाट व्हायचा, लपवत नाही. वर ती स्वभावाने गोड... तिच्या डब्यातली सुकटीची चटणी आधी मला वाढायची. त्याचा तर आणखीच राग यायचा.

दिवाळीआधी बायका घरून तूप, साखर, मैदा आणून बेकरीत नानकटाई भाजून नेतात. त्या गर्दीसाठी चाचांना भट्टीवर एक जण हवं होतं. एकच. त्यांनी ठरवलं – दोघींनी बारा-बारा नानकटाया करायच्या, त्यांवर आपापली खूण करायची, कुठली कोणाची ते त्यांना सांगायचं नाही.

सायलीने लवंगेचं डोकं दाबून चांदणी उठवली. मी अंगठ्याचं नख दाबलं. डब्याच्या पत्र्याने माझं नख मधोमध चिरलं होतं, त्यामुळे माझ्या चंद्रकोरीला मध्ये एक खाच पडायची.

चाचा नमाजला गेले, गिऱ्हाईक आलं म्हणून सायली काउंटरला गेली. मी तिच्या ट्रेमधलं चिमूटभर कच्चं पीठ चाखलं. तेच तूप, तीच साखर... पण माझ्यापेक्षा चांगलं.

मग मी ते केलं. चोवीसच्या चोवीस गोळे हातावर पुन्हा वळून गुळगुळीत केले. तिच्या गोळ्यांवर माझं नख, माझ्या गोळ्यांवर तिची लवंग. गोळे आपापल्या ट्रेमध्येच ठेवले. माझ्या ट्रेचा कोपरा वाकडा होता, म्हणजे ट्रे ओळखण्यात घोळ व्हायचा प्रश्नच नव्हता.

चाचांनी दोन्ही ट्रे आत सरकवले. मी भट्टीसमोरून हलले नाही. ट्रे माझ्या डोळ्यांदेखत बाहेर आले.

वाकड्या कोपऱ्याच्या ट्रेमध्ये बारा चंद्रकोरी होत्या. खाचेसकट. दुसऱ्या ट्रेमध्ये बारा चांदण्या. मी खुणा बदलण्याआधी होत्या तशाच.

चाचांनी दोन्हींतली एकेक खाल्ली, चांदणीवाली दुसरी उचलली आणि विचारलं, "ये किसके हाथ की है?"

मी काय सांगणार होते, खुणा मी बदलल्या म्हणून?

"माजी हाय, चाचा," सायली म्हणाली. मग माझ्याकडे बघून हळूच, "तुजं तोंड का उतरलं गं? तुला शिकायला जायचंय ना? मी चाचांना सांगते, भट्टीवर तू उभी ऱ्हा. मी काय, हायच हितं."

आणि मी उभी राहिले. लाज वाटली, तरी राहिले. त्याच अनुभवावर मला ॲडमिशन मिळाली. तिला मी आजवर काही सांगितलेलं नाही.

कॉलेजमधली मैत्रीण म्हणते, भाजताना पीठ पसरतं, खुणा बदलतात. बदलत असतील. पण बाराच्या बारा? आणि थेट अदलाबदल?

सायली अजून तिथेच आहे, आता भट्टी तीच बघते. दर दिवाळीला मला डबा पाठवते. सगळ्यांवर चांदण्या असतात, फक्त एका नानकटाईवर चंद्रकोर, मध्ये खाच. माझं नख तर कधीच बरं झालंय. फोन करून विचारलं तर म्हणाली, "मी तर सगल्यांवर लवंगच दाबते गं."

ती एक मी शेवटी खाते. चव सायलीच्याच हाताची असते. कॉलेजात दोन वर्षं शिकून झाली, तरी माझ्या नानकटाईपेक्षा चांगली.