पॅनेलवरचा हार

तमाम भंडारा जिल्ह्याला, आणि जिल्हा फुटल्यावर परका झालेल्या गोंदियालाही, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की प्रस्तुत लेखक जर्मनीला गेलेला नाही. स्वेटर तयार होता.

जर्मनी हुकली त्या क्षणी मी भंडाऱ्यातल्या आमच्या आयटीआयच्या गच्चीवर मल्टिमीटर घेऊन उभा होतो आणि माझा पंप पाणी ओढत नव्हता.

मी राहणारा लाखनीचा, याच आयटीआयात इलेक्ट्रिशियन ट्रेडचा शिक्षक. सोलरचा धडा मी कित्येक वर्षं फळ्यावर पॅनेलचं चित्र काढून शिकवला. पोरं विचारायची, "सर, हे उचलाले जड लागते का?" मला माहीत नसायचं. मग जर्मन सहकार्यातून आम्हा शिक्षकांचंच ट्रेनिंग निघालं. शिकवायला जर्मनीहून उर्सुलाबाई आल्या, खरी पॅनेलं आली. पहिल्या दिवशी मी एक पॅनेल उचललं आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही.

शेवटी परीक्षा. दोघादोघांनी पंप सोलरवर चालवायचा आणि वर्गात शिकवतो तसं समजावून सांगायचं. पहिली येणारी जोडी पुढच्या कोर्ससाठी जर्मनीला. मी पासपोर्ट काढून ठेवला होता. नागपूरहून जाडजूड स्वेटर आणून ऐन मे महिन्यात घरात घालून पाहत होतो. बायको म्हणायची, "पंख्याखाली तरी बसा."

यजमान म्हणून पहिली पाळी आमची. जोडीदार कोंढ्याच्या मेश्राम मॅडम, एकदम शांत. तेवढ्यात प्राचार्य साहेब गच्चीवर आले. नवी मशीन म्हटली की पूजा आली. नारळ फुटला, हळदकुंकू झालं, आणि साहेबांनी झेंडूचा घसघशीत हार स्वतःच्या हातानं पॅनेलवर आडवा घातला.

पंप गप्प. मी वायर पाहिली, कनेक्टर काढून पुन्हा लावले, कंट्रोलर उघडला. तिकडे मॅडम वर्गाला सांगत होत्या की पॅनेलमधले सेल दिवाळीच्या लायटिंगसारखे एकापुढे एक जोडलेले असतात, एका ओळीवर सावली पडली तर सगळ्यांचाच करंट अडतो. मी मान डोलावत होतो. आमच्याकडे मशीनवर हार असतोच. लेथवर असतो, मोटरसायकलवर असतो. तो आम्हाला दिसत नाही.

वेळ संपली. उर्सुलाबाईंनी हळूच विचारलं, आता फुलं बाजूला केली तर चालेल का? आधी का नाही सांगितलं, म्हटल्यावर त्या ओशाळल्या. पूजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी मीच त्यांना बजावलं होतं.

"अन् मॅडम, तुम्ही?"

"मले दिसला होता, सर. पण साहेबांचा हार मी कशी काढू? म्हणून तर सावलीचा धडा तुमच्याकडं पाहून सांगून राहिली होती."

हार काढला आणि पंपानं बादली उपसून टाकली. साहेबांनी हार एकच आणला होता, त्यामुळे बाकीच्यांचे पंप झकास चालले. पहिला नंबर गोंदियाच्या बिसेन सरांच्या जोडीचा. जिल्हा एक असता तर निदान आपला माणूस गेला म्हणता आलं असतं.

बिसेन सरांची मुंबईची गाडी भंडाऱ्याजवळच्या वरठीला जरा वेळ थांबते. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. त्यांचा जोडीदार आत सामान लावत होता, ते डब्याच्या दारात उभे. मी स्वेटर त्यांच्या हातात दिला.

"घालजा. अन् तिकडं बर्फ हातात घेऊन पाहजा, जड लागते का ते सांगजा."

ते हसले. मी रुळांकडे पाहत राहिलो. एवढे सरळ रूळ, आणि मला लाखनीला परत जायचं होतं.

धंद्यातला धडा एवढाच की पंप चालत नसेल तर आधी पॅनेलकडे पाहावं, वायरीकडे नंतर.

तेवढ्यात साहेब गर्दीतून पुढे आले. हातात झेंडूचा हार, पहिल्याइतकाच घसघशीत. तो त्यांनी बिसेन सरांच्या गळ्यात घातला. सिग्नल पडला होता, पण गाडी हलेना. सगळे इंजिनाकडे वाकून पाहू लागले. आणि कधी मोठ्यानं न बोलणाऱ्या मेश्राम मॅडम साहेबांदेखत बोलून गेल्या,

"बिसेन सर, तेवढा हार काढा, नाही तर गाडी सुटाची नाही."